धावता शब्द

मुलांनो, एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला तर काय होते? ‘परीक्षेत एक गुण कमी होतो,’ असे तुम्ही म्हणाल. लहानपणी मलाही तसेच वाटे. परंतु एका संध्याकाळी इंग्रजीतील अवघ्या दोन शब्दांनी आमच्या साऱ्या घराच्या तोंडचे पाणी पळविले, आणि तेव्हापासून शब्दांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. ती हकीकत आधी सांगतो.

मी त्या वेळी बारा वर्षांचा होतो. आमचे घर कोकणातील एका लहानशा गावी होते. माझे काका मुंबईस नोकरीला होते आणि त्या हिवाळ्यात माझी आजी त्यांच्याकडे राहावयास गेली होती. एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास तारवाला शिपाई दारात येऊन उभा राहिला. तार म्हणजे काय, हे आज तुम्हांला सांगावे लागेल. कारण आपल्या देशातील ती सरकारी सोय २०१३ साली बंद झाली. पण त्या काळी तातडीचा निरोप तारेनेच येई. तार आली म्हणजे मोठ्या माणसांच्याही छातीत धस्स होई. कारण सुखाची बातमी बहुधा पत्राने येई आणि दुःखाची तारेने. तारेचे पैसे शब्द मोजून पडत. म्हणून तिचा मजकूर शक्य तितका तोकडा असे, आणि पुष्कळदा तो इंग्रजीत असे.

घरात इंग्रजी शिकणारा मी एकटाच. वडिलांनी तार माझ्या हाती दिली. तीत चारच शब्द होते : ‘मदर रन डाऊन. कम.’ ‘मदर’ म्हणजे आई आणि ‘कम’ म्हणजे या, एवढे मला कळले. मधल्या दोन शब्दांपाशी मात्र मी अडलो. ‘रन’ म्हणजे धावणे आणि ‘डाऊन’ म्हणजे खाली. ‘आई खाली धावली’, हा काय निरोप झाला? मी फळीवरचा शब्दकोश काढला. ‘रन’ या शब्दाखाली बारीक टाइपात बराच मजकूर होता. त्यात ‘रन डाऊन’ ही जोडी मला सापडली आणि तिच्यापुढचा पहिलाच अर्थ मी मोठ्याने वाचला : ‘गाडीखाली चिरडणे.’

पुढचे काय सांगावे! आई मटकन खाली बसली. वडील एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि मला फक्त ‘चल’ म्हटले. त्या रात्री एस. टी.च्या गाडीत आम्ही दोघे शेजारी शेजारी बसलो होतो. पण आमच्यात एक अक्षरही बोलणे झाले नाही. वडिलांचे डोळे मी त्या रात्री प्रथमच पाण्याने भरलेले पाहिले.

सकाळी काकांच्या चाळीचा जिना आम्ही धडधडत्या छातीने चढलो. दार उघडेच होते. आत, उशीला टेकून, आजी पेज पीत बसली होती!

“अरे, एवढ्या तातडीने आलात?” ती म्हणाली. “माझा ताप उतरून दोन दिवस झाले. अंगात त्राण उरले नाही, एवढेच. तुम्हांला पाहावेसे वाटले, म्हणून याला कळवायला सांगितले.”

दुपारी काकांनी मला जवळ बसविले आणि आपल्याकडचा शब्दकोश उघडला. ‘रन डाऊन’चा दुसरा अर्थ अगदी पुढच्याच ओळीत होता : ‘थकून क्षीण झालेला.’

“चूक माझीही आहेच,” काका म्हणाले. “दोन शब्दांचे पैसे वाचविण्यासाठी मी निरोप आखडला. आणखी दोन शब्द घातले असते, तर दादांची रात्र अशी गेली नसती. पण बाळ, कोश तुझ्याशी खोटे बोलला नव्हता. तू पहिल्या अर्थापाशी थांबलास.”

‘पहिल्या अर्थापाशी थांबलास’ हे त्यांचे बोल माझ्या मनात घर करून राहिले. तेव्हापासून ‘रन’ या एवढ्याशा शब्दाचा मी पिच्छाच पुरविला. इंग्रजीत तो तीन अक्षरांनी लिहितात. ‘धावणे’ हा त्याचा अर्थ तुम्ही पहिल्याच वर्षी शिकता, आणि हा शब्द आपल्याला आला असे समजता. प्रत्यक्षात तो शब्द म्हणजे एक मोठा वाडा आहे. आपण फक्त त्याच्या देवडीत उभे असतो.

चला, या वाड्यात थोडे आत जाऊ.

माणूस धावतो, घोडा धावतो. तेथे ‘रन’ हा शब्द येतो. ही झाली देवडी. पुढे पाहा. इंग्रजीत नदीही ‘रन’ करते. मराठीत ती वाहते. सर्दी झालेल्या मुलाचे नाक ‘रन’ करते. आपल्याकडेही ते वाहते. नव्या लुगड्याचा रंग धुताना ‘रन’ करतो. आपण म्हणतो, रंग सुटतो. पाण्याला, नाकाला किंवा रंगाला पाय नाहीत. पण धावणाऱ्या माणसाप्रमाणे तीही एका जागी थांबत नाहीत, खंड न पडता पुढे जातात. हे साम्य पाहून इंग्रजांच्या पूर्वजांनी दोन्हींसाठी एकच शब्द वापरला. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत आजही ‘रेनन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनन’ म्हणजे वाहणे, अशी शब्दांची जोडी आहे. धावणे आणि वाहणे ही भावंडे किती जुनी आहेत, हे यावरून दिसते.

आणखी एक पाऊल पुढे टाकू. इंग्रजीत रस्ता ‘रन’ करतो, कुंपण ‘रन’ करते, डोंगराची रांगही ‘रन’ करते. येथे तर हालचाल मुळीच नाही! रस्ता जागचा तसूभरही हलत नाही. मग धावते काय? धावते ती पाहणाऱ्याची नजर. रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती जाते आणि आपले धावणे रस्त्याला देऊन टाकते. हे वाचून हसू नका. ‘हा रस्ता पुण्यास जातो’ असे आपणही म्हणतोच. आपला रस्ता तरी कोठे जातो? पुण्यास जातो तो वाटसरू.

मग यंत्रांचे युग आले. इंग्लंडमध्ये वाफेचे एंजिन आले, गिरण्या आल्या. १८२५ साली स्टॉकटन आणि डार्लिंग्टन या गावांमध्ये, तर १८३० साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर या शहरांमध्ये आगगाडी सुरू झाली. नव्या वस्तूंबरोबर नव्या क्रिया आल्या. त्या क्रियांना नावे कोठून आणावयाची? लोकांनी घरातलाच जुना शब्द कामास लावला. आगगाडी ‘रन’ करू लागली, यंत्र ‘रन’ करू लागले. आणि गिरणीचा कारभार पाहणारा मनुष्य गिरणी ‘रन’ करतो, असेही म्हणू लागले. शाळा, खानावळ, दुकान चालविणे यालाही तोच शब्द लागला. विसाव्या शतकात संगणक आला. त्याला दिलेली आज्ञावली तो अमलात आणतो, यालाही ‘रन’ हाच शब्द मिळाला. ज्या शब्दाने पूर्वी हरणाचे आणि ओढ्याचे वर्णन होई, तोच शब्द आता टेबलावर निश्चल बसलेल्या यंत्राचे वर्णन करतो. मुलांनो, मनुष्य नवी वस्तू लवकर निर्माण करतो. परंतु तिच्यासाठी नवा शब्द घडविण्यापेक्षा ओळखीच्या शब्दालाच नवे काम सांगणे त्याला अधिक सोपे वाटते.

आता काही गमतीचे अर्थ पाहा. साखरेचा डबा रिकामा झाला, की साखर ‘रन आऊट’ झाली असे इंग्रज गृहिणी म्हणते. बाजारात जुना मित्र अचानक भेटला, तर त्याच्यात ‘रन इन्टू’ झालो असे तिचा नवरा सांगतो. यात धावणेही नाही आणि टक्करही नाही. एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गोड गळा असला, तर तो त्या घराण्यात ‘रन’ करतो. बँक बुडणार अशी आवई उठून ठेवीदारांची पैसे काढण्यासाठी झुंबड उडाली, तर त्या झुंबडीलाही ‘रन’ म्हणतात. नाटक रंगभूमीवर जितका काळ टिकते, तो त्याचा ‘रन’. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली सुरू झाले, आणि २०२० साली महामारीने नाट्यगृहे बंद होईपर्यंत त्याचा ‘रन’ अखंड चालू होता.

निवडणुकीची गंमत तर याहून मोठी आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडमध्ये तोच उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. भाषा एक, काम एक. पण एका देशात धावण्याने जे होते, ते दुसऱ्या देशात उभे राहण्याने होते! आपल्याकडेही उमेदवार निवडणुकीला उभाच राहतो.

तुम्हांला सर्वांत जवळचा अर्थ अर्थात क्रिकेटमधला. फलंदाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास धावतो, म्हणून मिळणाऱ्या गुणाला ‘रन’ हे नाव पडले. पूर्वी इंग्लंडमध्ये गुण मोजणारा मनुष्य काठीवर चाकूने एकेक खाच पाडीत असे, आणि म्हणून त्या गुणाला ‘खाच’ या अर्थाचा ‘नॉच’ हा शब्दही रूढ होता. पुढे खाच मागे पडली आणि ‘रन’ राहिला. आता फलंदाजाने चेंडू सीमेपार टोलविला, तर तो जागचा न हलताही त्याला चार ‘रन’ मिळतात. धावण्यावरून नाव पडले आणि धावणे उरले नाही, तरी नाव तसेच राहिले. शब्द असे पुष्कळदा आपल्या जन्मस्थानापासून फार दूर जातात.

या अर्थाचे मराठी करताना आपल्या लोकांनी ‘धाव’ हा नेमका शब्द उचलला. त्यावरून ‘धावसंख्या’, ‘धावफलक’ आणि ‘धावचीत’ हे शब्द तयार झाले. विमान जेथून उडते, ती ‘धावपट्टी’ झाली. येथे ‘रन’ला ‘धाव’ हा शब्द अगदी चपखल बसला. पण म्हणून ‘माझी साखर धावून गेली’ असे कोणी लिहिले, तर वाचणारा साखरेच्या डब्यात मुंग्या शिरल्या की काय, अशा विचारात पडेल!

या शब्दाला एकंदर अर्थ तरी किती? ते मोजण्याचे काम सोपे नव्हते. त्यासाठी इंग्लंडमध्ये जो उद्योग झाला, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

लंडनमधील भाषाभ्यासकांच्या एका संस्थेने १८५७ साली असा विचार मांडला, की आपल्या भाषेचे कोश अपुरे आहेत. प्रत्येक शब्द प्रथम केव्हा आला, त्याचा अर्थ कसकसा पालटत गेला, हे पुराव्यानिशी दाखविणारा कोश हवा. पुढे १८७९ साली हे काम जेम्स मरे या स्कॉटिश शिक्षकाकडे आले. मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्व लोकांना आवाहन केले : पुस्तके वाचा, लक्षणीय शब्द दिसला की तो ज्या वाक्यात आला ते संपूर्ण वाक्य, पुस्तकाचे नाव, वर्ष आणि पृष्ठ यांसह एका चिठ्ठीवर उतरा, आणि चिठ्ठी माझ्याकडे पाठवा. चिठ्ठ्यांचा पाऊस पडू लागला. त्या ठेवण्यासाठी मरे यांनी घराच्या आवारात पत्र्याची एक खोली उभारली आणि तिच्या भिंतींना शेकडो लहान लहान खण केले. ऑक्सफर्ड येथील त्यांच्या घरी इतके टपाल येई-जाई, की टपालखात्याने त्यांच्या दारापुढेच पत्रपेटी बसविली. मरे यांना अकरा मुले होती. चिठ्ठ्या वर्णानुक्रमाने लावण्याचे काम ती मुले करीत आणि त्याबद्दल खाऊचे पैसे मिळवीत. ती मुले तुमच्यापेक्षा वयाने फारशी मोठी नव्हती.

एखाद्या शब्दाच्या चिठ्ठ्या हाती आल्या, की कोशकार त्या टेबलावर मांडी. ज्या चिठ्ठ्यांत अर्थ सारखा, त्यांचा एक ढीग. अर्थ थोडा वेगळा दिसला, की दुसरा ढीग. जितके ढीग, तितके अर्थ. अर्थ कोशकाराच्या डोक्यातून येत नसे. लोकांच्या वाक्यांतून येई. कोशकार फक्त तो ओळखी आणि नोंदवी. म्हणूनच कोश हा भाषेचा राजा नव्हे, तो तिचा कारकून होय.

मरे १९१५ साली निधन पावले. त्यांचे काम त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेले आणि १९२८ साली तो कोश पुरा झाला. त्यात चार लाखांहून अधिक शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणे होती. पण भाषा कोठे थांबते? कोश छापून होतो न होतो तोच नवे अर्थ दाराशी येऊन उभे राहतात. १९८९ साली त्याची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. त्या आवृत्तीत ‘सेट’ हा शब्द सर्वांत जास्त जागा अडवून बसला होता. नंतर तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेक शब्द पुन्हा तपासण्यात आला. त्यात ‘रन’ची पाळी आली, तेव्हा पीटर गिलिव्हर या कोशकाराला त्या एका शब्दासाठी नऊ महिने खर्ची घालावे लागले. २०११ साली हिशोब पुरा झाला. ‘रन’ या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५! त्या सहाशे पंचेचाळीस अर्थांपैकी बारा वर्षांच्या वयात मला किती ठाऊक होता? एक. आणि तेवढ्या भांडवलावर मी तार वाचावयास निघालो होतो.

शब्दाचे अनेक अर्थ नोंदविण्याचा हा उद्योग आपल्याकडेही झाला आहे. जे. टी. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने येथील पंडितांच्या साहाय्याने मराठी शब्द गोळा केले आणि १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत निघाली. इंग्लंडमध्ये नव्या कोशाचा विचार मांडला गेला, तेच हे वर्ष! मोल्सवर्थ यांनी इंग्रजी-मराठी कोशाचेही काम आरंभिले होते. ते थॉमस कँडी यांनी पुरे केले आणि १८४७ साली तो कोश मुंबईत छापला गेला. परक्या भाषेतील एका शब्दासमोर आपल्या भाषेतील एकच शब्द मांडून भागत नाही, प्रसंगाप्रसंगाने वेगवेगळे शब्द मांडावे लागतात, हे या कोशकारांना पानोपानी अनुभवास आले असेल.

आणि आपली भाषा तरी या बाबतीत कमी आहे काय? तुम्ही एखाद्या इंग्रज मुलाला मराठी शिकवीत आहात, अशी कल्पना करा. ‘लागणे’ या शब्दाचा अर्थ त्याला कसा सांगाल? भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते. विहीर खणताना पाणी लागते. परीक्षेचा निकाल लागतो. कामाला वेळ लागतो. गाडी फलाटाला लागते आणि घाटात कोणाला गाडी लागते. वासराला लळा लागतो, आणि चांगल्या मुलाला कोणाची दृष्ट लागते. तो बिचारा इंग्रज मुलगा डोक्याला हात लावून बसेल. पण तुम्हांला यांतील एकही अर्थ कोणी मुद्दाम शिकविला नाही. आईच्या बोलण्यातून, खेळातून, भांडणातून तुम्ही तो उचलला. तुमच्या मुखात हा खजिना आहे, याची तुम्हांला जाणीवही नाही.

‘धाव’ या शब्दाचेच पाहा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, ती एक धाव. क्रिकेटमध्ये फलंदाज काढतो, ती दुसरी. पूर्वी मोटेने पाणी काढीत, तेव्हा बैल ज्या उतारावरून खाली जात, तीही धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी चढवितात, तिचेही नाव धाव. मोटा बंद पडल्या, गाड्यांना रबरी चाके आली. हे अर्थ आता शहरातील मुलांना ठाऊक नाहीत. एक अर्थ दारातून आत येतो आणि दुसरा मागल्या दाराने निघून जातो. गावाकडे तुमचे आजोबा असतील, तर त्यांना या दोन धावा विचारून ठेवा. इंग्लंडमध्ये मरे यांना चिठ्ठ्या पाठविणारी माणसे हेच करीत होती.

तर मग एवढ्या अर्थांतून नेमका अर्थ ओळखावा कसा? उपाय साधा आहे. एकटा माणूस रस्त्यात भेटला, तर तो कोण हे सांगता येत नाही. तो कोणाबरोबर चालला आहे, कोणत्या घरात शिरला, हे पाहिले की ओळख पटते. शब्दाचेही तसेच आहे. त्याचे सोबती पाहा. ‘रन’च्या शेजारी नदी असेल, तर तो वाहील. यंत्र असेल, तर चालेल. साखर असेल, तर संपेल. जो अर्थ वाक्यात बसत नाही, तो कोशात पहिला असला तरी सोडून द्या. आणि सोबतीच इतके थोडे असतील की दोन अर्थ सारखेच बसतात, तर घाईने निकाल देऊ नका. ‘येथे दोन अर्थ होतात,’ असे स्पष्ट सांगा. आमच्या तारेत तेच झाले होते. दोन्ही अर्थ बसत होते. पण मी एकच वाचला आणि तोच खरा म्हणून मोकळा झालो. ‘कोशात आणखीही एक अर्थ आहे’ एवढे जरी मी त्या संध्याकाळी म्हटले असते, तरी माझ्या वडिलांना त्या रात्रीच्या प्रवासात आशेचा आधार मिळाला असता.

आजी पुढे बरी झाली आणि आणखी पुष्कळ वर्षे जगली. मी शाळेचा अभ्यास करीत बसलो, की ती मधूनच हसून विचारी, “काय रे, आज कोणाला गाडीखाली घातलेस?” मग मीही हसे. पण हसता हसता कोशाची पुढची ओळ वाचावयास मात्र विसरत नसे.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) तार आली की घरातील मोठी माणसे का घाबरत?
(आ) लेखकाने तारेचा चुकीचा अर्थ का लावला? काकांनी स्वतःची कोणती चूक सांगितली?
(इ) नदी आणि धावणारा माणूस यांत कोणते साम्य आहे?
(ई) क्रिकेटमधील गुणाला पूर्वी ‘खाच’ या अर्थाचा शब्द का वापरीत?

२. ‘कोश हा भाषेचा राजा नव्हे, तो तिचा कारकून होय,’ असे लेखक का म्हणतो? आठ-दहा ओळींत लिहा.

३. पुढील वाक्यांतील ‘पडणे’ या क्रियापदाचे निरनिराळे अर्थ सांगा.
(अ) काल फार थंडी पडली.
(आ) मला रात्री एक स्वप्न पडले.
(इ) हा डबा महाग पडला.
(ई) त्या दोघांची वाटेत गाठ पडली.
(उ) सदरा त्याला आखूड पडतो.

४. ‘लागणे’ या क्रियापदाचे, पाठात न आलेले, पाच निरनिराळे उपयोग वाक्यांत करून दाखवा.

५. ‘तोंडचे पाणी पळणे’, ‘मनात घर करणे’, ‘पिच्छा पुरविणे’, ‘डोक्याला हात लावणे’ या वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.

६. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना ‘चालणे’, ‘बसणे’ किंवा ‘मारणे’ यांपैकी एका शब्दाचे शक्य तितके उपयोग विचारा. प्रत्येक उपयोगाचे वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. वर्गात सर्वांच्या चिठ्ठ्या एकत्र करून अर्थांप्रमाणे त्यांचे ढीग लावा. किती ढीग होतात, ते मोजा.